खिंडीची बंदूक

शिकलगारांनी त्यांच्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर सतरंजीचा तुकडा अंथरला, तीन ठासणीच्या बंदुका एकीशेजारी एक ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "घ्या पाव्हणं. हात फिरवून बगा."

बाबांनी डावा हात फिरवला. उजवा काठीवर होता आणि काठी बारीक थरथरत होती.

मी विचारलं, "एक दोरी मिळेल का? आणि तिन्ही बंदुकांच्या नळ्या सोडवून मागची बुचं काढून मिळतील का?"

आता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दोरी कशाला? म्हशीगत बांधून न्यायची काय?"

"टांगून वाजवायची आहे."

ते बाबांकडे वळले, की ही बाई कोण. बाबा मिशीत हसत होते. मग शिकलगारांनी नळ्या सोडवून पान्याने बुचं काढायला घेतली आणि कुरकुरत का होईना, सुतळीचा एक गुंडा माझ्यापुढे टाकला.

मी नुकतीच कोल्हापुरातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते. बंदूक मी त्याआधी हातात धरलेली नव्हती. घरात होती, बाबांची, पण ती पडवीत खुंटीवर असायची आणि आम्हा बायकांनी तिच्याखालून केर काढायचा, एवढाच तिचा-आमचा संबंध. त्या जुन्या बंदुकीची नळी मागच्या बाजूला चिरली आणि तिचं काम संपलं. नवी घ्यायची ठरली तेव्हा मी कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सरांना गाठून नळीची परीक्षा कशी करतात ते विचारून घेतलं होतं. ते सगळं करून बघायला मी इतकी उतावीळ झाले होते की सकाळी एस.टी.तून उतरल्यावर चहासुद्धा घेऊ दिला नव्हता बाबांना.

पहिली बंदूक देखणी होती. नळीला निकेलचा मुलामा, दस्त्यावर पितळी मोर. मी ती नळी सुतळीने छताच्या आकड्याला टांगली आणि घराच्या किल्लीने हलकेच ठोकली. लाकडावर ठोकल्यासारखा आवाज आला आणि जागीच मेला. दुसरी दोन नळ्यांची होती. वाजली बरी, पण एका हाताच्या माणसाला पेलणारी नव्हती. तिसरी काळपट, दस्ता मूठ धरायच्या जागी कधीतरी तडकलेला आणि त्यावर पितळेची पट्टी आवळलेली. तिच्या नळीवर किल्ली लागली आणि आवाज घुमला. देवळातली लहान घंटा हात लावून सोडावी तसा तो कितीतरी वेळ विरत राहिला. बाबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

मग मी एकेक नळी दाराच्या उजेडाकडे धरून आरपार पाहिली. सरळ नळीत उजेडाची वर्तुळं दिसतात, एकाच्या आत एक, आणि सगळ्यांचा मध्य एकच असतो. मोराच्या नळीत ती अर्ध्या वाटेवर एका बाजूला सरकली होती. तिसरीत मात्र ती इतकी नेमकी एकात एक बसली होती की मला डोळा काढवेना. तोंडाजवळ गंजाचे दोन-तीन ठिपके होते, ते घासून निघण्यासारखे. नळी बसवून झाल्यावर घोडा अर्धा चढवून चाप ओढून पाहिला. घोडा पडला नाही, म्हणजे बार चुकून सुटायची भीती नव्हती. बाबांनीही डाव्या अंगठ्याने तेच करून पाहिलं.

"ही तिसरी," मी म्हणाले.

शिकलगार जराही न ओशाळता मोराची बंदूक परत फडक्यात गुंडाळू लागले. "ही भिंतीला लावायचीच हाय," ते म्हणाले. "सोयरिकीला पाव्हणं आलं की दिसायला बरी. पोरीला नजर हाय हो. तुमचीच काय?"

"माझी," बाबा म्हणाले.

काडतुसाची बंदूक आमच्या आवाक्यात नव्हतीच, आणि घेतली असती तरी दर वेळी काडतुसं आणणं त्याहून जड गेलं असतं. ठासणीच्या बंदुकीला दारू, शिसं, घोड्याखाली फुटणाऱ्या चिमुकल्या केपा आणि ठासायला काथ्या एवढंच लागतं. शिकलगारांनी घोड्याखालचं जुनं झिजलेलं निपल काढून नवं बसवून दिलं. त्याचं भोक केसाएवढं बारीक होतं. केपेची ठिणगी याच भोकातून आत दारूपर्यंत जाते, बारीक असलं की जोर वाया जात नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. आता ते सगळं मलाच सांगत होते. परवाना बाबांच्या नावावर होता आणि मदतनीस म्हणून माझं नाव त्यावर चढवून घेतलेलं होतं, ते त्यांनी दोनदा वाचलं.

घाट उतरताना बाबांनी विचारलं, की एक नळी वाजते आणि दुसरी वाजत नाही हे कसं. मी सांगितलं, की लोखंड आतून अखंड असेल तर कंप सगळीकडे फिरतो. कुठे चीर असेल तर तिथेच अडतो. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, की आई बाजारात मडकं घेताना हेच करते, फक्त ती त्याला इतका वेळ लावत नाही.

आता ही बंदूक आम्हाला इतकी का हवी होती ते सांगायला हवं.

आमचं कुडतरखोल गाव सह्याद्रीच्या पायथ्याला, सावंतवाडीच्या वरच्या अंगाला. तेव्हा शेताच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका असत आणि दसरा झाला की डुकरांची पारध रीतसर निघायची. हाकाऱ्यांनी रान उठवायचं आणि बंदूकवाल्यांनी ठरलेल्या जागा धरून बसायचं. या जागा घराण्यांच्या होत्या. आमची जागा खिंडीची. दोन टेकड्यांच्या मधली अरुंद वाट, रान उठलं की सगळ्यात मोठं डुक्कर तिथूनच निघणार. ज्याची खिंड त्याच्या शेताच्या बाजूने रान पहिलं उठवायचं, हा नियम. आमचा मळा अगदी रानाच्या काठाला असल्यामुळे या नियमावरच आमचं भात उभं होतं. आणि दुसरा नियम असा, की जागा लागोपाठ दोन वर्षं रिकामी राहिली की ती जाते.

आदल्या वर्षी ऐन दसऱ्यात बाबांना अर्धांगाचा झटका आला. ते दवाखान्यात असताना खिंड रिकामी राहिली आणि आमच्या बाजूचं रान सगळ्यात शेवटी उठवलं गेलं. तोपर्यंत डुकरांनी मळा नांगरून काढला होता. आई विळा घेऊन गेली आणि नुसती पेंढ्यांची ओझी घेऊन आली. पुढे बाबांची वाचा आली, पाय आला, उजवा हात मात्र आला नाही, नुसता थरथरत राहिला. या वर्षीही खिंडीत आमची बंदूक वाजली नाही तर जागा शेजारच्या घरात, चुलतभाऊ दिगूदादाकडे जाणार होती. दिगूदादा वाईट नव्हता. आमच्या विहिरीचा पंप बिघडला की तोच येऊन दुरुस्त करायचा. पण त्याचं शेत दुसऱ्या टोकाला होतं.

पावसाळाभर बाबा डाव्या खांद्याने नेम धरायला शिकत होते. चुलीपुढे बसून ते केरसुणीचा दांडा भिंतीवरच्या पालीवर रोखत आणि पाल हलली की दांडा तिच्यामागे सरकवत. आई म्हणायची की अशानं पालीलाच झटका येईल. बंदूक आल्यावर आम्ही कुंभ्याच्या लाकडाचा बेचका केला. जमिनीत रोवायचा, त्याच्या दोन फांद्यांमध्ये नळी टेकवायची, म्हणजे वजन हातावर येत नाही. नेम झाला, चाप झाला. उरलं भरणं. ठासणीची बंदूक एका हाताने भरता येत नाही. एका हाताने नळी धरावी लागते आणि दुसऱ्याने लांब गज मारून दारू-गोळी आत ठासावी लागते.

"ता तू करतलंस," बाबा म्हणाले.

मला दुसरं काय हवं होतं? पाऊस उघडला की आम्ही काजूच्या बागेत जायचो. बाबा दारू तळहातावर घेत, मध्ये शिशाची गोळी ठेवत आणि गोळी झाकेल एवढी दारू ओतत. हेच त्यांचं आयुष्यभराचं माप. मी म्हटलं की तुमचा तळहात आणि माझा तळहात एक नाही, मग बार एक कसा येईल? मी बांबूचं एक बारीक कांडं कापून त्याचं माप केलं आणि ते तासून तासून कमी करत नेलं. कारण पहिल्याच बाराला बंदुकीने त्यांना असा धक्का दिला होता की ते बसल्या जागी मागे कलंडले. अशक्त अंगाला सोसेल आणि डुक्करही आडवं होईल, एवढी दारू मला शोधायची होती.

"इतक्यान पाखरूय मरूचा नाय," ते दर वेळी म्हणत.

मी फणसाची फळी उभी करायचे. बार निघायचा, पांढरा धूर काजूच्या पानांत अडकून राहायचा, त्याचा तो गंधकाचा उग्र वास, आणि मी धूर विरायच्या आत पळत जाऊन भोकात बोट घालायचे. आरपार. आणखी तासलं. आरपार. आणखी तासलं, आणि गोळी फळीतच अडकली. तेव्हा नवं कांडं कापून त्याच्या आधीचं माप कायम केलं. त्या बाराला बाबा जागचे हलले नव्हते आणि फळीतून पलीकडचा उजेड दिसत होता. ते फळीजवळ आले, भोकाला डोळा लावला, आणि त्यानंतर पाखराचं नाव त्यांनी काढलं नाही.

भरण्याच्या बाबतीत मात्र ते एखाद्या परीक्षकासारखे होते. दारू, त्यावर काथ्याचा बोळा, त्यावर गोळी, वर पुन्हा लहान बोळा. मी गज मारत असताना ते डोळे मिटून ऐकत. बोळा खाली जाताना आवाज मऊ असतो. गोळी दारूवर घट्ट बसली की गज हातात उसळतो आणि आवाज कडक होतो. तो बदल मला ऐकू येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. गजावर मी दोन खुणाही कोरल्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची, म्हणजे चुकून दोनदा भरली जायला नको.

एकदा दिगूदादा बागेत आला. बघत उभा राहिला आणि म्हणाला, की काका, पारधीच्या दिवशी मी भरून देईन, वैजू कशाला रानात येते, तिला काटे लागतील. बाबा म्हणाले, नको. त्याने दोन दिवसांनी आईकडेही तेच म्हणून पाहिलं. मला वाटलं, माझ्यावर विश्वास नाही याचा, आणि मी आणखी जोराने गज मारायला लागले.

दसऱ्यानंतरच्या पारधीच्या सकाळी सगळ्या बंदुका देवळापुढे आल्या. मी तिथली एकटीच बाई होते. बाबल परब म्हणून बाबांच्या वयाचा एक शिकारी होता, त्याने विचारलं की लवू, लेकीला जेवण रांधायला आणलंस काय. बाबा म्हणाले, की हो, आणि पहिला घास तुलाच. लोक हसले. मी हसले नाही, माझं लक्ष दुसरीकडे होतं.

गावचे मानकरी आत्माराम गावकर एकेका बंदुकीपुढे जात होते. ते देवाला गाऱ्हाणं घालत आणि रिकाम्या नळीच्या तोंडात देवाच्या अंगाऱ्याची चिमूट सोडत. मग बंदूक तिथेच, देवासमोर भरायची. ही रीत मला माहीतच नव्हती. बायका पारधीला जात नसल्यामुळे कोणी सांगायचा प्रश्नच आला नव्हता. मी बाबांच्या कानाशी लागले. म्हटलं, राख नळीच्या बुडाशी जाऊन बसणार आणि आपलं निपल केसाएवढं आहे. बाकीच्यांच्या बंदुका जुन्या, भोकं झिजून मोठी झालेली, त्यांना काही होत नाही. आपलं भोक बुजेल.

"देवाचो अंगारो असा," बाबा म्हणाले. "गप रव."

गावकर आले. चिमूट सोडली. जुन्या माणसांची चिमूट मोठी असते.

एक रिकामी केप उडवली असती तर भोक साफ झालं असतं. पण देवळाच्या मागेच रान सुरू होतं आणि पारध निघण्याआधी आवाज करायला बंदी होती. मी नळी उलटी करून हळूच ठोकली. थोडी राख खाली पडली. कोणीतरी जिभेने च् च् केलं आणि मी थांबले. मग मापाने दारू ओतली, बोळा घातला, गोळी सोडली. गज उचलणार तेवढ्यात शेजारून एक हात आला आणि गजाला लागला. दिगूदादा म्हणाला, दे, शेवटचा बोळा मी ठासतो, तुझे हात दमले असतील.

बाबांनी काठी उचलली आणि त्याच्या बोटांवर मारली. गमतीने नाही, लागेल अशी. दिगूदादाने हात झटकला आणि मागे सरला. मला कळेना, की एवढं काय झालं. मी बोळा ठासला, गज उसळला, कडक आवाज आला. बाबांनी डोळे उघडले.

खिंडीत पोचेपर्यंत ऊन वर आलं होतं. वाटेच्या कडेला एक कातळ होता, त्याला पाठ लावून बाबा बसले. मी बेचका रोवला, नळी त्यात टेकवली, केप चढवली आणि त्यांच्या डाव्या अंगाला गुडघ्यांवर बसले. आमच्या मळ्याच्या बाजूने पहिला डबा वाजला. मग ढोल, मग कुत्री. आवाज चढावाने आमच्याकडे सरकू लागला. आधी रानकोंबड्या फडफडत गेल्या. मग एक भेकर आलं, आमच्याकडे बघून उभं राहिलं आणि उडी मारून गेलं. बाबा हलले नाहीत. खरं सांगायचं तर मला इतकं छान आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

डुक्कर आलं ते आवाज न करता. वाटेच्या वळणावर काहीच नव्हतं आणि मग होतं. काळं, पाठीवरचे केस उभे, सुळे ओठांबाहेर. ते दुडक्या चालीने सरळ आमच्याकडे येत होतं. नळी त्याच्याबरोबर सरकली, पालीबरोबर दांडा सरकायचा तशी. बाबांनी चाप ओढला.

केप फुटली. टप्. एवढंच.

बार गेला नाही. डुक्कर थबकलं, फुरफुरलं आणि वाटेच्या कडेला करवंदीच्या जाळीत शिरलं. ते पळालं नव्हतं. मागे कुत्री होती, पुढे आम्ही होतो. जाळी हलत होती आणि आतून दात करकरण्याचा आवाज येत होता. डुक्कर बाहेर पडताना कुठे जाईल हे त्यालाच माहीत, आणि बाबांना उठून पळता येत नव्हतं.

त्यांनी नळी खाली केली नाही. दारू कधीकधी आत धुमसत राहते आणि बार उशिरा सुटतो, म्हणून नळी रोखलेलीच ठेवायची, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी जाळीवरची नजर न काढता फक्त एवढंच विचारलं, "होतला?"

"होतला," मी म्हणाले.

थोडं थांबून मी घोडा मागे ओढला, फुटलेली केप नखाने काढली. माझ्या बांगडीला सेफ्टी पिन अडकवलेली होती. ती उघडून निपलच्या भोकात घातली. अडकली. फिरवली, दाबली, पुन्हा फिरवली, आणि ती आत गेली. बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकाला राखाडी पीठ होतं. पुन्हा घातली. या वेळी टोकाला काळे कण आले. ती दारू होती. वाट मोकळी झाली होती. कमरेला दारूचं शिंग होतं, त्यातली थोडी दारू तळहातावर घेऊन तिचे चार कण चिमटीने भोकावर टेकवले, पिनेने आत ढकलले. चिमटीतून दारूचे कण सोडताना मला राहून राहून प्रयोगशाळेतला तराजू आठवत होता, त्यात वजनं ठेवताना श्वास रोखायचा असतो. नवी केप काढली. ती हातातून निसटून पाल्यात पडली. दुसरी काढली, चढवली, अंगठ्याने दाबली.

"झाला," मी म्हणाले, आणि जाळी फाटली.

डुक्कर मान खाली घालून आमच्यावरच आलं. धुरामागे काय झालं ते मला दिसलं नाही. आवाज दोन्ही टेकड्यांवर आपटून परत आला. धूर वाऱ्याने सरकला तेव्हा बाबा तसेच कातळाला टेकून बसले होते आणि डुक्कर बेचक्याच्या पुढ्यात, हात लांब केला तर सुळ्याला लागेल इतक्या जवळ, कुशीवर पडलं होतं. त्याचा एक पाय थोडा वेळ हलला आणि थांबला.

मी बाबांकडे बघितलं. त्यांचा डावा हात दगडासारखा स्थिर होता. उजवा मांडीवर नेहमीसारखा थरथरत होता. दोघांनाही हसू आवरेना.

हाकारे आले, कुत्री आली, बाकीचे बंदूकवाले आले. गावकर सगळ्यात शेवटी, धापा टाकत. त्यांनी डुकराभोवती एक फेरी मारली. कोणीतरी म्हणालं की आधी नुसती केप फुटल्याचा आवाज आला होता. गावकरांनी मान हलवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बार कोणी भरल्यान?"

मला वाटलं, आता हिशेब केपेचा होणार. बाईने भरलेला बार म्हणून अडला, असंच म्हणणार. अंगाऱ्याबद्दल बोलावं की नाही हे मला ठरवता येईना. मी बाबांकडे पाहिलं. ते करवंदीच्या जाळीकडे बघत होते.

"मी," मी म्हणाले.

"सगळो?"

"सगळो."

"तिनाच," बाबा म्हणाले. "तुमी सगळ्यांनी बघितलास. देवळाफुडे."

डुकराचे वाटे पडले. गावाचा, हाकाऱ्यांचा, कुत्र्यांचा. शेवटचा वाटा बंदुकीचा, डुकराची मान आणि पुढचा पाय. गावकरांनी तो केळीच्या पानावर घेतला आणि आणून ठेवला माझ्यासमोर. मी पान बाबांकडे सरकवलं. त्यांनी हात लावला नाही.

"आता खिंड तुझी," माझ्या मागून दिगूदादा म्हणाला.

मी वळून पाहिलं. मला काही कळलेलं नाही हे त्याला माझ्या तोंडावरून दिसलं असावं. त्याने मग सांगितलं, की पूर्वी गावात बंदुका कमी आणि माणसं जास्त होती. एक बंदूक दोघा-तिघांच्या हातातून फिरायची आणि मग शिकार कोणाची यावरून भांडणं व्हायची. तेव्हा असं ठरलं, की चाप कोणीही ओढेल, शिकार ज्याने बार भरला त्याची. आणि खिंडीत डुक्कर पडलं की खिंडही त्याच्याच नावावर होते.

"म्हणान मी कधीपासून गज मागी होतंय," तो म्हणाला आणि काठीचा वळ उठलेली बोटं मला दाखवली. त्याला राग आला होता आणि हसूही येत होतं. "एक बोळो ठासलंय असतंय तर अर्धी तरी माझी झाली असती."

बाबल परब पुढे आला. हे बरोबर नाही म्हणाला. आजपर्यंत बाईच्या नावावर जागा गेलेली नाही. "चेडू उद्या लगीन करून जातला," तो म्हणाला. "खिंड काय सासरी न्हेतला?"

दोघं-तिघं हसले, पण बाकीचे गावकरांकडे बघत होते. मीही. मघापर्यंत ही जागा मला बाबांसाठी हवी होती. आता पानावरचा वाटा माझ्यासमोर होता, आणि माझ्या लक्षात आलं की तो कोणी उचलून नेला तर मी नेऊ देणार नाही.

गावकरांनी बंदूक मागितली. घोडा मागे करून निपल बघितलं. मग माझ्या बांगडीला परत अडकवलेली पिन त्यांना दिसली. त्यांनी ती मागून घेतली, उन्हात धरली. तिच्या वळणात राखाडी पीठ अजून होतं. ते त्यांनी दोन बोटांत चोळलं, वास घेतला. अंगारा हातात घेऊन ज्याचा जन्म गेला त्याला तो ओळखायला वेळ लागला नाही.

"बाबल," गावकर म्हणाले, "न्हेयत तेव्हा बघूया." पिन त्यांनी मला परत दिली आणि बंदूकही, बाबांच्या नाही, माझ्या हातात. "फुडच्या वर्साक हिच्या बंदुकेक अंगारो दस्त्याक लावया. नळयेत नको."

एवढं बोलून ते उतरायला लागले. त्यांच्यामागे सगळे निघाले. दिगूदादाने आमचा बेचका उपटून स्वतःच्या खांद्यावर घेतला.

मी आणि बाबा मागे राहिलो, कारण त्यांना उतार हळू उतरावा लागायचा. बंदूक माझ्या खांद्यावर होती. खाली आमचा मळा दिसत होता, पिवळा पडायला आलेला, अख्खा. आई बांधावर उभी राहून कपाळावर हात धरून वर बघत होती. मी तिला हात केला आणि मग बाबांना विचारलं, की हे सगळं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं, दुकानात गेलो तेव्हापासून, तर मला का नाही सांगितलं.

ते दोन पावलं चालले, काठी टेकली, थांबले.

"सांगलंय असतंय तर तुझोय हात थरथर कापलो असतो," ते म्हणाले. "घरात कापणारो हात एक असा, तेवढो पुरे."